हिशोब कुणी कुणाला द्यायचा?

निकाल लागला की आपण पोराचे मार्क विचारतो. पोरगा नापास झाला तर पोराच्या पाठीत धपाटा पडतो. शाळा नापास झाली असं म्हणायची रीत आपल्याकडे नाही. अमेरिकेत ती आहे. तिथं राज्य सरकार शाळेलाच मार्क देतं. फ्लोरिडा राज्यानं १९९९ साली सरकारी शाळांना ए, बी, सी, डी आणि एफ असे शेरे द्यायला सुरुवात केली. एफ म्हणजे फेल. अख्खी शाळा फेल.

ऐकून बरं वाटतं. ज्या शाळेनं आपल्या बापजाद्यांना दाराबाहेर बसवलं, पाण्याच्या माठाला हात लावू दिला नाही, ती शाळा एकदा तरी नापास व्हावी असं आपल्यातल्या कुणाला वाटणार नाही? पण मित्रांनो, टाळ्या वाजवायची घाई नको. नापासाचा शिक्का कुणाच्या शाळेवर बसला, कुणी मारला, आणि शिक्का मारणाऱ्यानं आपलं स्वतःचं काम केलं होतं का, हे बघायला पाहिजे. त्यासाठी इतिहास वाचायला पाहिजे. इतिहास ही प्राध्यापकांच्या बापाची इस्टेट नाही. पाळी सुटल्यावर आपणही तो वाचू शकतो.

अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षण हा शब्द नाही. त्यामुळे शाळा राज्यांच्या ताब्यात राहिल्या, आणि राज्यांनी त्या गावोगावच्या शाळा मंडळांवर सोडल्या. खर्चाचा मोठा वाटा कुठून यायचा? घरपट्टीतून. इथंच सगळं पाणी मुरतं. बंगल्यांच्या वस्तीत घरपट्टी जास्त, म्हणून शाळा चांगली. मोडक्या घरांच्या वस्तीत घरपट्टी कमी, म्हणून शाळा गळकी. त्यात वर्णभेद. १८९६ साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवलं तरी चालेल, फक्त सोयी सारख्या पाहिजेत. वेगळं ठेवायचं काम चोख झालं. सारखं करायचं काम कुणी केलं नाही. १७ मे १९५४ रोजी ब्राऊन खटल्याच्या निकालानं शाळांमधलं हे वेगळेपण बेकायदा ठरवलं. १९५७ साली लिटल रॉक गावात नऊ काळ्या पोरापोरींना शाळेत पोचवायला देशाच्या अध्यक्षाला सैन्य पाठवावं लागलं. शाळेच्या दारात जाण्यासाठी बंदूकवाले शिपाई लागतात, हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही.

दार उघडल्यावर पुढचा प्रश्न येतो. आत गेल्यावर शिकायला मिळतं का? शाळेच्या हिशोबाची गोष्ट इथून सुरू होते.

लिंडन जॉन्सन हा अध्यक्ष तरुणपणी टेक्सासात मेक्सिकन मजुरांच्या पोरांचा मास्तर होता. त्यानं ११ एप्रिल १९६५ रोजी शिक्षणाच्या मोठ्या कायद्यावर सही केली. सही करायला तो आपल्या लहानपणच्या शाळेच्या अंगणात गेला आणि पहिल्या बाईंना शेजारी बसवलं. या कायद्याच्या पहिल्या भागानं गरीब पोरांच्या शाळांसाठी केंद्राचा पैसा दिला. पण सिनेटमध्ये रॉबर्ट केनेडीनं एक शंका काढली. पैसा देणार, ठीक. तो कुणाच्या हातात देणार? ज्यांनी आजवर या पोरांना वाऱ्यावर सोडलं त्याच शाळा मंडळांच्या हातात. मग आईबापांना कळणार कसं की पैशातून पोरगं शिकलं की नाही? त्याच्या आग्रहानं कायद्यात पोरांच्या प्रगतीची तपासणी करायचं कलम आलं.

हे नीट लक्षात ठेवा. शाळेकडून हिशोब मागायची कल्पना गरिबांच्या बाजूनं आली. तिच्या मुळाशी गावच्या कारभाऱ्यांवरचा अविश्वास होता. तो किती खरा होता हे चार वर्षांतच दिसलं. १९६९ साली रूबी मार्टिन आणि फिलिस मॅक्लुर या दोन बायांनी अहवाल काढला. गरीब पोरांच्या नावानं आलेला पैसा दुसरीकडेच मुरत होता. कुठं तो सगळ्या शाळांवर वाटून टाकला, कुठं पोहण्याचे तलाव बांधले. समाजकल्याणाच्या पैशाचं काय होतं हे ज्यांनी बघितलंय त्यांना यात नवल वाटायचं नाही.

आता टेक्सासातल्या सॅन अँटोनिओ शहराकडे चला. तिथं एजवूड नावाची मेक्सिकन मजुरांची वस्ती. १९६८ साली तिथल्या शाळेची पोरं वर्ग सोडून रस्त्यावर आली. मास्तर शिकलेले नाहीत, इमारत पडायला आली. पोरांमागं आईबाप उभे राहिले. डेमेट्रिओ रॉड्रिग्ज हा हवाई दलाच्या तळावर पत्र्याचं काम करणारा कामगार त्यांच्यात होता. त्यानं दुसऱ्या पालकांबरोबर खटला घातला. आकडे सरळ होते. एजवूडमध्ये एका पोरामागं वर्षाला ३५६ डॉलर खर्च व्हायचा. त्याच शहरातल्या अलामो हाइट्स या गोऱ्या, पैसेवाल्या वस्तीत ५९४. आणि एजवूडचे लोक काही चुकार नव्हते. घराच्या किमतीच्या मानानं ते जास्त दरानं पट्टी भरत होते. घरंच स्वस्त, तर पट्टी येणार किती?

खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. २१ मार्च १९७३ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी रॉड्रिग्ज हरला. न्यायालय म्हणालं, देशाच्या घटनेत शिक्षण हा मूलभूत हक्क नाही, घरपट्टीची ही पद्धत चालू शकते. विरोधात मत देणाऱ्या चौघांत थर्गुड मार्शल होते. १९५४ सालचा ब्राऊन खटला वकील म्हणून लढलेले आणि पुढे त्या न्यायालयातले पहिले काळे न्यायमूर्ती झालेले मार्शल.

म्हणजे १९७३ साली गरिबांनी सरकारकडे पैशाचा हिशोब मागितला आणि सरकारनं तो देणं लागत नाही असं ठरलं. पुढच्या तीस वर्षांत काय झालं? तेच सरकार उलटं वळलं आणि गरिबांच्या शाळेकडे मार्कांचा हिशोब मागायला लागलं.

साच्यावर काम करणाऱ्याला हे लगेच समजतं. कापड घडीखात्यात जातं. तिथं डाग दिसला, तुटलेला धागा दिसला की मजुरी कापतात. सूत कच्चं आलं होतं, साचा जुना आहे, खात्यात हवा कोरडी होती म्हणून धागा तुटत होता, हे कुणी लिहून घेत नाही. कापडावर दिसतं तेवढंच खरं. मुकादमाला विचाराल तर म्हणेल, कारणं सांगू नका. अमेरिकेतही हेच शब्द वापरले गेले. कारणं नकोत, निकाल दाखवा.

१९८३ साली रेगन सरकारच्या आयोगानं अहवाल काढला की शाळांच्या घसरणीमुळे अख्खा देश धोक्यात आहे. तोपर्यंत काळजी गरीब पोराची होती. आता काळजी जपानी मोटारींशी टक्कर देण्याची झाली. राज्यांनी परीक्षा वाढवल्या. पण सगळ्या राज्यांनी एकसारखं केलं नाही, आणि इथं दोन उदाहरणं शिकण्यासारखी आहेत.

पहिलं केंटकीचं. १९८९ साली तिथल्या राज्याच्या न्यायालयानं सांगितलं की आमच्या राज्याची सगळी शाळाव्यवस्थाच राज्यघटनेत बसत नाही. सगळी! मग १९९० साली विधिमंडळानं विक्रीकर पाचाचा सहा टक्के केला, गरीब जिल्ह्यांना पैसा पोचवायचं नवं सूत्र केलं, आणि त्याच कायद्यात शाळांची परीक्षा, बक्षीस आणि कारवाई आणली. पैसा आणि जाब एकाच कागदावर.

दुसरं टेक्सासचं. १९९३ साली तिथं जी पद्धत आली तिच्यात एक गोष्ट जबरदस्त होती. शाळेची सरासरी बघून सोडायचं नाही. काळ्या पोरांचे निकाल वेगळे, मेक्सिकन वंशाच्या पोरांचे वेगळे, गोऱ्यांचे वेगळे, गरिबांचे वेगळे. एक गट जरी खाली राहिला तरी अख्ख्या शाळेचा शेरा खाली.

सरासरी ही सनातनी बाई आहे. सगळ्यांना पदराखाली घेते आणि कुणाचं पोट उपाशी ते दिसू देत नाही. बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखलं होतं. १२ मार्च १९२७ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी आकडे जातवार फोडून मांडले. प्राथमिक शाळेत पुढारलेल्या हिंदूंची दर हजार लोकसंख्येमागं ११९ पोरं, मागासवर्गाची १८. आणि शाळेत घातलेल्या शंभर पोरांतली चौथीपर्यंत पोचतात फक्त अठरा, हेही त्यांनी सरकारला ऐकवलं. पोरं गळतात याचा जाब त्यांनी पोरांना विचारला नाही, सरकारला विचारला. हे महाडच्या सत्याग्रहाच्या आठवडाभर आधी. पाण्याचा हक्क आणि आकड्यांचा जाब, दोन्ही एकाच महिन्यात.

म्हणून परीक्षा वाईट, आकडे वाईट, असं म्हणून मोकळं होता येत नाही. आपले काही मित्र तसं म्हणतात. २०१५ साली अमेरिकेत परीक्षांवर बहिष्काराची लाट आली, तेव्हा नागरी हक्कांच्या कितीतरी संघटना त्या बहिष्काराच्या विरोधात उभ्या राहिल्या. त्यांचं म्हणणं असं, की आमच्या पोरांची मोजणी बंद झाली तर आमची पोरं पुन्हा दिसेनाशी होतील. ज्याला कुणी मोजत नाही त्याला कुणी वाढतही नाही. हे आपण जनगणनेच्या वादात बघितलेलं आहे.

मग बिघडलं कुठं?

बिघडलं ८ जानेवारी २००२ रोजी, जेव्हा धाकट्या बुशनं नव्या कायद्यावर सही केली. नाव फार गोड. नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड. एकही मूल मागे राहायला नको. तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा. निकाल वंशवार, गरिबीवार, अपंग मुलांचे वेगळे, इंग्रजी शिकणाऱ्यांचे वेगळे. इथवर चांगलं. पुढे हुकूम असा, की २०१४ सालापर्यंत देशातली शंभर टक्के पोरं पास झाली पाहिजेत. आणि दरवर्षी प्रत्येक गटानं ठरलेली पायरी चढली पाहिजे. दोन वर्षं पायरी चुकली तर आईबापांना पोर दुसऱ्या शाळेत न्यायची मुभा. तीन वर्षं चुकली तर बाहेरची शिकवणी. पुढे मास्तर बदला. त्याही पुढे शाळा मोडून नवी मांडा, खाजगी कंपनीला चालवायला द्या किंवा राज्यानं ताब्यात घ्या.

आता यातली मेख बघा. या शिक्षा कुणाला? गरीब पोरांसाठीचा केंद्राचा पैसा घेणाऱ्या शाळांना. बंगल्यांच्या वस्तीतली शाळा चुकली तर तिचं नाव छापून येईल, एवढंच. आणि केंद्राचा सगळा मिळून पैसा किती? देशातल्या सगळ्या शालेय खर्चाच्या सुमारे दहावा हिस्सा. बाकीची घरपट्टी जिथल्या तिथं. एजवूड आणि अलामो हाइट्स यांच्यामधली भिंत उभीच, आणि दोन्हीकडच्या पोरांना एकच कुंपण उडी मारून ओलांडायला लावलं. जो अडखळला तो नापास.

अशा दट्ट्याखाली माणूस काय करतो? जे गिरणीत करतो तेच. डाग झाकतो. राज्यांनी पास होण्याची रेघ स्वतः ठरवायची होती. काहींनी ती खाली ओढली. शाळांनी चित्रकला, गाणं, इतिहास यांचे तास कापले आणि वाचन-गणिताच्या घोटून तयारीला लावले. काही ठिकाणी मास्तरांनी पोरांचे तीन ढीग केले. पास होणारे, काठावरचे आणि हाताबाहेर गेलेले. लक्ष द्यायचं फक्त काठावरच्यांकडे. एकही मूल मागे राहू नये या कायद्यानं सगळ्यात मागचं मूल पुन्हा मागेच ठेवलं.

अटलांटा शहरात तर कहर झाला. तिथले मार्क वर्षानुवर्षं चढत होते. तिथल्या मुख्य अधिकारी बाईंना २००९ साली देशातल्या उत्तम शाळा अधिकारी म्हणून मान मिळाला. मग उत्तरपत्रिकांवर खोडाखोड जास्त दिसायला लागली. २०११ साली राज्याच्या तपासणीत ४४ शाळांमधल्या १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली. चुकीची उत्तरं खोडून बरोबर केली होती. एका शाळेचे मास्तर तर त्यासाठी एकाच्या घरी जमले होते. एप्रिल २०१५ मध्ये अकरा जण दोषी ठरले, तेही गुंडांच्या टोळ्या मोडायला केलेल्या कायद्याखाली. पोरं बहुतेक काळी आणि गरीब. त्यांच्या हातात खोटे मार्क पडले. ज्याला वाचता येत नव्हतं त्याला येतं असं लिहिलं गेलं, म्हणून त्याला मिळायची ती मदतही गेली. मास्तरांनी चोरी केली हे खरंच. पण चोरी पोराच्या शिक्षणाची झाली, आणि भीतीची ती यंत्रणा ज्यांनी बांधली त्यांच्यावर खटला झाला नाही.

२०१४ साल उजाडलं. शंभर टक्के एकाही राज्यात झाले नाहीत. त्याच्या आधीच ओबामा सरकारनं राज्यांना सवलती देऊन कायदा सैल केला होता. १० डिसेंबर २०१५ रोजी नवा कायदा आला. परीक्षा राहिल्या, गटवार आकडे राहिले. शिक्षा ठरवायचं काम पुन्हा राज्यांकडे गेलं. मात्र तळातल्या पाच टक्के गरीब शाळा शोधून त्यांना सुधारणं राज्यांवर बंधनकारक झालं.

कायद्याची गोष्ट इथं थांबवतो. आता लोकांची गोष्ट. शिकागोच्या दक्षिणेला ब्राँझव्हिल ही काळ्यांची जुनी वस्ती आहे. तिथल्या हायस्कूलला वॉल्टर डायेट या काळ्या संगीत शिक्षकाचं नाव आहे. त्याच्या हाताखालून नॅट किंग कोलसारखे गवई शिकून गेले. २०१२ साली शहराच्या शिक्षण मंडळानं ठरवलं की या शाळेचा निकाल खराब, हळूहळू बंद करायची. नवीन पोरं घ्यायची नाहीत. मास्तर जात राहिले, विषय जात राहिले, शेवटच्या वर्गात मूठभर पोरं उरली. आधी उपाशी ठेवायचं आणि मग अशक्त म्हणून कामावरून काढायचं.

१७ ऑगस्ट २०१५ रोजी बारा जण उपोषणाला बसले. आया, बाप, आज्या. त्यांची मागणी चांगले मार्क द्या अशी नव्हती. आमच्या वस्तीत सगळ्यांना खुली अशी सरकारी शाळा पाहिजे, आणि ती कशी असावी हे ठरवताना आम्हाला विचारा, एवढीच मागणी. चौतीस दिवस उपोषण चाललं. २०१६ साली ती शाळा पुन्हा उघडली. उपोषणवाल्यांना हवी तशी सगळी झाली नाही, पण उघडली. ज्या यंत्रणेनं शाळेला जाब विचारला होता, तिला वस्तीनं जाब विचारला.

कुणी म्हणेल, हे सगळं अमेरिकेचं, आपला काय संबंध? संबंध जुना आहे. निकालावर पैसा ही कल्पना अमेरिकेच्या आधी इंग्रजांची. १८६२ साली रॉबर्ट लो या मंत्र्यानं इंग्लंडात नियम केला. इन्स्पेक्टर येईल, पोरांचं वाचन, लेखन, गणित तपासेल, आणि जेवढी पोरं पास होतील तेवढं अनुदान शाळेला मिळेल. नापास पोरामागं पैसे कापले जातील. शुद्ध ताग्यावरची मजुरी! पोरं पुस्तक पाठ करून इन्स्पेक्टरपुढं घडाघडा म्हणायला लागली. हीच पद्धत १८६०च्या दशकात मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांमध्ये आली.

आणि १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतिराव फुल्यांनी हंटर आयोगापुढं आपलं निवेदन दिलं. ते आज पुन्हा वाचा. जोतिराव तपासणीच्या विरोधात नाहीत. उलट कडक आहेत. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन जातो त्याचा काही उपयोग नाही, दर तीन महिन्यांनी तरी तपासा, आणि न सांगता अचानक जा, असं ते म्हणतात. ज्या खेड्यातला मास्तर जास्त पोरं पास करील त्याला बक्षिसी द्या, असंही म्हणतात. पण ती बक्षिसी पगाराच्या वर. आधी पगार महिना बारा रुपयांच्या खाली नको. आधी मास्तर शिकवून तयार केलेला पाहिजे आणि तो शेतकऱ्यांच्यातला असला तर उत्तम. आधी लोकल फंडाचा निम्मा पैसा प्राथमिक शाळांना द्या. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा. आणि त्याच कागदावर ते सरकारला हिशोब मागतात, की महार-मांगांची पोरं इतरांजवळ बसू दिली जात नाहीत. पुण्यात त्यांची वस्ती पाच हजारांच्या वर, तिच्यासाठी शाळा एकच, आणि तिच्यात तीस पोरंही येत नाहीत. याला जबाबदार कोण?

बघा कसा क्रम आहे. आधी सरकारनं द्यायचं. मग मास्तरानं शिकवायचं. मग तपासायचं. मग बक्षीस. शिक्षा पोराच्या शाळेला नाही. लो साहेबानं आणि बुशनं शेवटचं पान पहिलं केलं. जोतिरावांनी वही सरळ धरली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. हिशोबाच्या वहीला दोन बाजू असतात, जमा आणि खर्च. शाळेच्या वहीत एका बाजूला काय दिलं ते लिहायचं. मास्तर किती, शिकलेले किती, पैसा किती, छप्पर, संडास, पाणी, पुस्तकं. दुसऱ्या बाजूला काय आलं ते. कोण वाचायला शिकलं, कोण गळलं, आणि तेही गटवार, जातवार. जो फक्त दुसरी बाजू दाखवतो तो मालक. जो फक्त पहिली बाजू मागतो आणि पोरांना वाचता येतं का हे विचारू देत नाही, तोही आपला दोस्त नाही. त्याची स्वतःची पोरं बहुधा दुसऱ्या शाळेत असतात.

आपल्या देशात २००९ सालच्या शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती ठेवली आहे. तिच्यात पंचाहत्तर टक्के आईबाप असायला पाहिजेत, निम्म्या बाया पाहिजेत, आणि वंचित समाजाच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा पाहिजे. कागदावर तरी ही वही आपल्या हातात दिलेली आहे. तुमच्या वस्तीतल्या शाळेच्या समितीत कोण आहे? शेवटची बैठक कधी झाली? सह्या कुणी केल्या? जयंतीची वर्गणी गोळा करायला आपण दारोदार फिरतो. त्याच फेरीत एवढे तीन प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

एक वही घ्या. मधे उभी रेघ मारा. दोन्ही बाजू भरा. आणि मग ती शाळेच्या, झेडपीच्या, महापालिकेच्या टेबलावर आपटा.